‘विज्ञान शाखेची पदवी आवश्यक’ ही ओळ काढा : पर्यावरण विभागांच्या प्रवेश समित्यांना एका कॉमर्सवालीचं खुलं पत्र

आदरणीय प्रवेश समित्यांमधले आणि अभ्यास मंडळांमधले सर, मॅडम,

पर्यावरण आणि शाश्वत विकासाच्या मास्टर्सची जाहिरात तुम्ही दरवर्षी काढता आणि त्यात पात्रतेच्या रकान्यात एक ओळ असते, ‘विज्ञान किंवा अभियांत्रिकी शाखेची पदवी आवश्यक’. सगळीकडे नसते, काही विभागांनी ती कधीच काढून टाकली आहे, त्यांनी हे पत्र वाचलं नाही तरी चालेल (वाचलं तर आनंदच). पण जिथे आहे तिथे ती का आहे असं मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्याकडून एकच उत्तर आलं, ‘पहिल्यापासून तशीच आहे’. मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला पुढे हाच विषय शिकायचाय. आणि मी या विषयाकडे झाडं, पक्षी, ट्रेकिंग, डॉक्युमेंटरी यातल्या कुठल्याच रस्त्याने आलेली नाही, मी अकाउंट्सच्या तासाला बसून आलेय, म्हणून हे पत्र जरा हिशेबी वाटेल, सांभाळून घ्या.

झालं असं की दुसऱ्या वर्षाला आम्हाला आयएएस ३७ शिकवत होते, प्रोव्हिजनचं म्हणजे पुढे येणाऱ्या खर्चाच्या तरतुदीचं आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड. तुमच्यातल्या सायन्सवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. एखाद्या कंपनीने खाण खोदली किंवा समुद्रात तेलाचा प्लॅटफॉर्म उभा केला आणि काम संपल्यावर ती जागा होती तशी करून देणं तिच्यावर बंधनकारक असेल, तर तो पुढचा खर्च आजच पुस्तकात दाखवावा लागतो, चाळीस वर्षांनी बघू असं चालत नाही. ऐकायला किती छान. मग सर म्हणाले की अर्थात तो खर्च आजच्या किमतीला आणायचा, म्हणजे डिस्काउंट करायचा, आणि फळ्यावर गणित मांडलं. आम्ही सगळ्यांनी कॅल्क्युलेटर काढले, उत्तर आलं, एन्ट्री लिहिली, पुढचा प्रश्न. परीक्षेच्या दृष्टीने मार्क देणारा सोपा प्रश्न.

मला ते उत्तर खटकलं कारण ते फारच लहान आलं होतं. रात्री बसून मी वर्षं आणि दर बदलून बघायला लागले, नुसता चाळा म्हणून. समजा १०० वर्षांनी १००० एककांचं नुकसान होणार आहे. ७ टक्के दराने ते आजच्या किमतीत आणलं तर हातात उरतात १.१५ एककं. म्हणजे एवढंसं. ३ टक्क्यांनी तेच ५२ होतात आणि १.४ टक्क्यांनी जवळपास २५०. नुकसान तेच, जमीन तीच, तिथे राहणारी माणसं तीच, फक्त मी एका सेलमधला आकडा बदलला आणि कंपनीवरचा बोजा दोनशे पटींहून जास्त बदलला. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं की हा दर धरताना शंभर वर्षांनी तिथे जो राहणार त्याला कुणी मोजतं का, तर ते हसून म्हणाले, प्रश्न चांगला आहे पण सिलॅबसबाहेरचा आहे. रागाने नाही म्हणाले, खरंच बाहेरचा होता.

मग मी शोधत गेले आणि कळलं की याच एका आकड्यावरून जगातले मोठमोठे अर्थतज्ज्ञ भांडलेत. २००६ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी हवामान बदलाच्या खर्चाचा रिपोर्ट दिला, त्यात डिस्काउंटचा दर साधारण १.४ टक्के धरला होता आणि निष्कर्ष होता की आत्ताच जोरात खर्च करा, नंतर महाग पडेल. विल्यम नॉर्डहाऊस, ज्यांना २०१८ ला अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयातल्या कामासाठी मिळालं, त्यांचं म्हणणं होतं की हा दर फार कमी धरलाय, बाजारात पैशावर जो परतावा मिळतो त्याच्या जवळचा दर घ्या, आणि तो घेतला की घाई बरीच कमी होते. दोघांचं विज्ञान साधारण सारखंच होतं हो. तापमान किती वाढेल यावर भांडण नव्हतंच मुख्यतः, भांडण होतं नातवंडांच्या नुकसानाची आजची किंमत किती धरायची यावर. आणि हे भांडण मला, कॉमर्सच्या पोरीला, तुमच्याकडच्या बऱ्याच सायन्सवाल्यांपेक्षा लवकर समजलं असं मी छातीठोकपणे सांगते कारण आदल्या महिन्यात मी तेच गणित परीक्षेसाठी घोकलं होतं.

यानंतर मला ते सोडवेना. कॉमर्सलाही पर्यावरणाचा एक पेपर असतो तो मी पहिल्या वर्षी दिला होता, त्यात ओझोनचा थर, झाडे लावा, प्रदूषणाचे प्रकार व परिणाम लिहा, असं सगळं होतं आणि चांगले मार्कही पडले होते. त्यातून मी या विषयाकडे आले असते तर हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं, पण त्या पेपरने मला काहीच केलं नाही. एकही गोष्ट मोजायला दिली नव्हती त्यात. मला वाटतं ज्या विषयात काही मोजायला मिळत नाही तो विषय पोरं उपदेश म्हणून ऐकतात आणि सोडून देतात. असो, तो पेपर हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तर मी मोजायला लागले. पहिलं काय केलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं रिकन्सिलिएशन, म्हणजे दोन बाजूंचे हिशेब जुळतात का ते बघणं. हसू नका. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ ला हवाईमधल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा साधारण ३१५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) होता, आता ४२० च्या वर गेलाय. ही झाली ओपनिंग आणि क्लोजिंग बॅलन्स. १ पीपीएम म्हणजे हवेत जवळपास ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. जग दरवर्षी कोळसा, तेल, गॅस, सिमेंट आणि जंगलतोड मिळून ४० अब्ज टनांच्या आसपास सोडतं. भागाकार करा, वर्षाला पाच पीपीएम वाढायला हवेत. प्रत्यक्षात वाढतात दोन ते तीन. माझा ताळा जुळेना म्हणून मी अख्खी संध्याकाळ डोकं धरून बसले, मग कळलं की उरलेलं जवळजवळ निम्मं समुद्र आणि जमिनीवरची झाडं-माती ओढून घेतात, आणि त्यातला समुद्राचा वाटा पाण्याची आम्लता वाढवून बसतो. म्हणजे फरक हरवलेला नव्हता, दुसऱ्या खात्यात पडला होता. ज्याने आयुष्यात एकदा तरी बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट जुळवलंय त्याला हा आनंद काय असतो ते माहितीये.

याच्यातूनच पुढची गोष्ट आली. पी अँड एल (नफा-तोटा पत्रक) आणि बॅलन्स शीट (ताळेबंद) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आमच्या डोक्यात पहिल्या वर्षीच ठोकून बसवतात, एक वर्षभरात काय झालं ते सांगतं आणि दुसरं आजच्या तारखेला साठलंय किती ते. उत्सर्जन हे पी अँड एल, हवेतला साठा ही बॅलन्स शीट. त्यामुळे ‘यंदा उत्सर्जन वाढलं नाही’ ही बातमी वाचून मला अजिबात हायसं वाटत नाही, तोटा वाढला नाही म्हणजे कर्ज कमी झालं असं थोडंच असतं, तेवढाच तोटा दरवर्षी होत राहिला तर कर्ज तेवढ्याच वेगाने वाढत राहणार. वाटतं तितकं हे लोकांना उघड नसतं. जॉन स्टरमन आणि लिंडा बूथ स्वीनी यांनी २००७ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, एमआयटीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाच प्रश्न दिला, साठा स्थिर करायचा तर उत्सर्जनाची रेघ कशी जायला हवी ते काढा, आणि बहुतेकांनी चुकीची काढली. त्यात विज्ञान आणि इंजिनिअरिंगवाले भरपूर होते. तुमची पात्रतेची ओळ त्या सगळ्यांना आत घेते आणि मला बाहेर ठेवते, हे जरा बघा.

आता तुमच्या सिलॅबसकडे येते. तो मी नीट वाचलाय, बऱ्याच विभागांचा वाचलाय, कारण प्रवेश मिळो न मिळो सिलॅबस फुकट डाउनलोड होतो. त्यात लाइफ सायकल असेसमेंट आहे, म्हणजे एखादी वस्तू बनण्यापासून टाकून देईपर्यंत पर्यावरणावर किती भार टाकते त्याचा हिशेब. रिफायनरीत क्रूड ऑइल जातं आणि त्यातून पेट्रोल, डिझेल, केरोसीन, डांबर असं बरंच काही एकदम बाहेर पडतं, तर रिफायनरीच्या एकूण उत्सर्जनातलं पेट्रोलच्या नावावर किती टाकायचं? वजनाच्या प्रमाणात की ऊर्जेच्या की बाजारभावाच्या? यावर तुमच्याकडे आयएसओ १४०४४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते म्हणतं आधी वाटणी टाळता येते का बघा, नसेल टाळता येत तर भौतिक संबंधावरून वाटा, तेही जमत नसेल तर किमतीवरून. सर, हे आमच्याकडे कॉस्टिंगमध्ये जॉइंट प्रॉडक्ट्स म्हणून शिकवतात आणि उदाहरणसुद्धा रिफायनरीचंच असतं! फक्त आम्ही खर्च वाटतो, तुम्ही धूर वाटता. पद्धत बदलली की कुठलं प्रॉडक्ट स्वच्छ दिसतं आणि कुठलं घाण तेही बदलतं, आणि म्हणून कुणी कुठली पद्धत का निवडली हे आधी विचारायचं असतं, ही सवय कॉस्टिंग शिकलेल्या पोरांना लागलेलीच असते.

तसंच ग्रीनहाऊस गॅसचे स्कोप. स्वतःच्या चिमणीतून निघतं ते स्कोप १, विकत घेतलेल्या विजेमागचं ते स्कोप २, आणि पुरवठादारांपासून ग्राहकापर्यंतचं बाकी सगळं स्कोप ३. एखाद्या कंपनीने आपली भट्टी बंद केली आणि तोच माल बाहेरून बनवून घेतला तर स्कोप १ झपकन खाली येतो, अहवालात हिरवा बाण, आणि हवेला काहीच फरक पडलेला नसतो, सगळं स्कोप ३ मध्ये सरकलेलं असतं, जे बऱ्याचदा धड मोजलेलंच नसतं. किंवा स्कोप २ घ्या. २०१५ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे वीज दोन तऱ्हांनी दाखवायची असते, एक म्हणजे तुम्ही ज्या ग्रिडवरून वीज ओढता त्याच्या सरासरीने आणि दुसरं तुम्ही जी प्रमाणपत्रं आणि करार विकत घेतलेत त्यांच्या हिशेबाने. दुसऱ्या तऱ्हेत प्रमाणपत्रं घेतली की वीज कागदावर शून्य होऊ शकते, ग्रिडवर कोळसा जळत असला तरी. दोन्ही आकडे नियमात बसतात. मग जाहिरातीत कुठला जातो ते सांगायला नको. हे पकडायला रसायनशास्त्र लागत नाही, नोट्स टू अकाउंट्स, म्हणजे हिशेबाखालच्या बारीक टिपा, वाचायची खोड लागते, आधारवर्ष गुपचूप बदललं का, प्रति टन कमी झालं म्हणतायत पण एकूण टन किती वाढले, सीमा कुठे आखलीये. आम्हाला तीन वर्षं हेच शिकवलं, की अहवाल लिहिणारा कुठे लपवेल ते आधी शोधा.

आणि हवामान बदलावरच्या पॅरिस कराराच्या कलम ६ मधली ‘करस्पाँडिंग अ‍ॅडजस्टमेंट’. एका देशाने उत्सर्जन कमी केलं आणि ते श्रेय दुसऱ्याला विकलं तर विकणाऱ्याने आपल्या हिशेबात तेवढं परत वाढवून दाखवायचं, नाहीतर एकच कपात दोघांच्या नावावर. करार २०१५ चा, या कलमाचे मुख्य नियम ठरले २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत. वाटाघाटी करणारे इतकी वर्षं कशावर अडले होते ते वाचताना मला सारखं वाटत होतं की अरे ही डबल एन्ट्री आहे, डेबिट आलं की क्रेडिट आलंच पाहिजे. त्याच ग्लासगोच्या परिषदेत आयएसएसबी नावाच्या, कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांचे नियम ठरवणाऱ्या मंडळाची घोषणा झाली आणि २०२३ मध्ये त्यांनी आयएफआरएस एस१ आणि एस२ ही शाश्वततेची स्टँडर्ड्स काढली. म्हणजे ज्या संस्थेने आयएएस ३७ आमच्या माथी मारलं तिच्याच घरातून आता हवामानाची स्टँडर्ड्स येतायत. जग तुमच्या आणि आमच्या विभागामधली भिंत पाडतंय आणि प्रवेशाच्या फॉर्मवर ती अजून उभी आहे.

एवढं सगळं वाचून तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच, पोरगी हुशार आहे पण हिला इकॉलॉजी येत नाही, हिला सगळं जग एक्सेल शीट वाटतं. बरोबर आहे, ही भीती योग्य आहे आणि मला ती स्वतःबद्दलही होती. म्हणून मी आमच्याच आवारातल्या सायन्सच्या बाजूला जाऊन एका मॅडमना विचारलं की तुमच्या प्रॅक्टिकलला मागे उभी राहू का. त्यांनी एप्रन आणायला सांगितलं. हजेरी नाही, मार्क नाहीत, मी एक पूर्ण सत्र उभी राहिले.

तिथे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला शिकले, विंकलरची पद्धत, १८८८ ची आहे आणि अजून चालते. बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली आयोडाइड घालायचं, तपकिरी गाळ बसतो, मग आम्ल घातलं की तो विरघळतो आणि आयोडीन सुटतं, स्टार्च टाकला की निळं होतं आणि ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत जायचं निळं जाईपर्यंत. त्या शेवटच्या थेंबाला हात कसा हलका ठेवायचा हे कुठल्याही पीडीएफमध्ये नाही. माझे सुरुवातीचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते आणि मॅडम म्हणाल्या, जुळत नाहीत हेच लिही. अकाउंट्समध्ये असं लिहिलं तर नोकरी जाईल!

मग बीओडी. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजायचं, २० अंशांना ५ दिवस. पाचच का? तर ब्रिटनमधल्या रॉयल कमिशनने शंभरेक वर्षांपूर्वी ही चाचणी ठरवली तेव्हा तिथल्या नद्यांचं पाणी साधारण पाच दिवसांत समुद्राला मिळतं असा विचार होता, आणि आता जगभरच्या बऱ्याच नद्या, हजारो किलोमीटरच्यासुद्धा, त्याच पाच दिवसांनी मोजल्या जातात. मिथेनचंही तसंच, १०० वर्षांचा काळ धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो, २० वर्षांचा धरला तर ८० पटींहून जास्त. हे बघून मला माझा तो डिस्काउंट रेटवाला सेल आठवला. तुमच्या विज्ञानातही कन्व्हेन्शन्स आहेत, कुणीतरी कधीतरी बसून ठरवलेल्या, आणि त्या तपासून बघायला वेगवेगळ्या शाखांतून आलेले डोळे लागतात असं मला मनापासून वाटतं.

पण ज्या गोष्टीने माझा हिशेबी माज उतरवला ती होती तळं. उथळ तळ्यात खतांचा फॉस्फरस जात राहिला की बरीच वर्षं काही दिसत नाही, पाणी स्वच्छच राहतं, आणि मग थोड्या काळात ते हिरवं गढूळ होतं, तळातल्या वनस्पती उजेड न मिळाल्याने मरतात. आता फॉस्फरस परत पूर्वीइतका कमी केला तर तळं परत स्वच्छ व्हायला हवं ना? होत नाही. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस वर येत राहतो, गाळ धरून ठेवणाऱ्या वनस्पती गेलेल्या असतात, त्यामुळे ज्या पातळीला तळं बिघडलं त्याच्यापेक्षा खूप खाली यावं लागतं. आमच्याकडे रिव्हर्सल एन्ट्री असते, चुकलं तर उलटी नोंद करा आणि खातं शून्य. तळ्याला रिव्हर्सल एन्ट्री नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाचं तेच झालं, शेकडो वर्षं पकडला, मग साठा कोसळला, १९९२ मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून बंदी घातली, हजारो लोकांचं काम गेलं, आणि ती व्यापारी मासेमारीवरची बंदी उठायला २०२४ उजाडलं, तेही साठा पूर्वीसारखा झालाय म्हणून नाही. हे मला डिस्काउंटिंगने कधीच सांगितलं नसतं. नुकसान कसं होतं याच्याशी त्या सूत्राला देणंघेणं नसतं, त्याला फक्त आकडा लागतो आणि पैसे दिले की ते भरून निघतं असं धरलेलं असतं.

म्हणूनच मला तुमच्याकडे यायचंय. मला जे येतं त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहेच, त्याच्या जोरावर ईएसजी रिपोर्टिंगची, म्हणजे कंपन्यांचे पर्यावरण, समाज आणि कारभार यांवरचे अहवाल भरायची नोकरी आत्ताही मिळेल, मैत्रिणींना मिळाल्यात. पण तळं कसं बिघडतं हे न कळता मी तो अहवाल भरला तर मी तेच करेन जे वर लिहिलंय, नियमात बसणारा आकडा निवडेन. कॉमर्सच्या पोरांना तुमच्या विभागात घेतलं नाही म्हणून ती या क्षेत्रात यायची थांबत नाहीयेत, ती इकॉलॉजी न शिकता येतायत एवढंच.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची गोष्ट तुम्ही शिकवताच, सामायिक संसाधनांचं प्रकरण सुरू झालं की त्यांचं नाव येतं. पण त्यांच्या प्रवेशाची गोष्ट कुणी सांगत नाही. शाळेत असताना मुलगी म्हणून त्यांना त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती, आणि पुढे अर्थशास्त्रात पीएचडी करायची म्हटल्यावर गणित पुरेसं नाही या कारणाने विभागाने नकार दिला. मग त्या राज्यशास्त्रात गेल्या, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलावर प्रबंध लिहिला, लोक आपापसात नियम करून विहिरींचं पाणी कसं वाचवतात त्यावर, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. ज्या विषयाच्या पीएचडीला घेतलं नाही त्याच विषयाचं नोबेल. त्या विभागाच्या प्रवेश समितीतही तुमच्यासारखेच अनुभवी आणि सद्हेतूचे लोक असणार. गाय कॅलेंडर तर वाफेच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर, हवामान हा त्याचा फावल्या वेळातला उद्योग, १९३८ मध्ये त्याने जगभरच्या स्टेशन्सची तापमानं हाताने जुळवून दाखवलं की पृथ्वी तापतेय आणि कार्बन डायऑक्साइडचा त्यात हात आहे. हवामानशास्त्रज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. (माझी यांच्याशी तुलना नाही हो, कुणी स्क्रीनशॉट काढू नका.)

आता मागणी काय ते सरळ सांगते. पदवीची अट काढा आणि त्या जागी परीक्षा ठेवा, कडक ठेवा, मला सवलत नकोय. पण प्रश्न असे काढा की ज्यात माणूस विचार करतो का ते दिसेल, एक साठा-प्रवाहाचा आलेख द्या, एखाद्या कंपनीच्या अहवालातलं पान द्या आणि यात काय लपवलंय विचारा, तळ्याचे दहा वर्षांचे आकडे द्या. सायन्सवाल्यांनाही तीच परीक्षा. जे बाहेरून येतील त्यांना पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी ब्रिज कोर्स लावा, रसायनशास्त्र, इकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स आणि भरपूर लॅब, फी त्यांच्याकडून घ्या आणि नापास झाले तर काढून टाका. आणि त्याच सुमारास सायन्सवाल्यांना बॅलन्स शीट वाचायला शिकवा, प्लीज, मी त्यांच्यासोबत प्रॅक्टिकलला उभी होते, उत्तम टायट्रेशन करतात पण प्रोव्हिजन आणि रिझर्व्ह यातला फरक विचारला तर माझ्याकडे बघतात. हे शिकवायला जास्तीचे शिक्षक लागतील असं म्हणाल तर कॉमर्सचे शिक्षक शेजारच्याच इमारतीत असतात, आणि अदलाबदल केली तर आमच्या पोरांनाही तळं कळेल. आमचे ते प्रोव्हिजनवाले सर तर आनंदाने येतील, मी विचारून ठेवलंय.

आर्ट्सच्या मुलांबद्दल मी फार लिहिलं नाही कारण मला त्यातलं फार कळत नाही, पण जमिनीचे हक्क, विस्थापन, इतिहास हे सगळं घेऊन बसलेली मुलं त्याच ओळीमुळे बाहेर आहेत. त्यांचं पत्र त्यांनी लिहावं.

एक बारीकसं, समित्यांच्या बैठकांना वेळ लागतो हे मला समजतं, अट यंदाच जाईल असंही नाही. तोपर्यंत निदान ऑनलाइन फॉर्ममधला तो शाखेचा ड्रॉपडाउन दुरुस्त करून घ्या. त्यात ‘इतर’ हा पर्याय दिसतो, तो निवडला की पान पुढे जात नाही आणि कारणही सांगत नाही. अर्ज नाकारायचाच असेल तर माणसाने वाचून नाकारा, मग मी पुढच्या वर्षी परत भरेन.

आपली,
कॉमर्स, शेवटचं वर्ष